कानाबरहुकूम

सानिया मुजावरने आपल्या कानाच्या दवाखान्यात मुकुंदराव तेरदाळकरांच्या तोंडात एक छोटा रबरी ठोकळा दिला आणि सांगितलं, "काका, हा दातांत घट्ट धरा. मी सांगेपर्यंत बोलायचं नाही."

तेरदाळकरांना गप्प बसवणं सांगलीत आजवर कोणाला साधलं नव्हतं. साखर कारखान्यात चीफ केमिस्ट असताना त्यांनी चेअरमनच्या भाषणात भर सभेत दुरुस्त्या सुचवल्या होत्या. निवृत्त झाल्यावर तर त्यांना रानच मोकळं मिळालं. गाण्याच्या बैठकीत पहिली दाद त्यांची असायची. गायकाने स्वर लावायच्या आधीच यांचं 'वाहवा' बाहेर पडतं, असं त्यांचे स्नेही सांगत. स्नेही वाढवून सांगत हे खरं, पण फार वाढवून नव्हे.

"पाहिलंस ना सानिया," कोपऱ्यातल्या खुर्चीवरून त्यांची बायको वृषाली म्हणाली, "लग्न झाल्यापासून इतका निवांतपणा मला आज पहिल्यांदा मिळतोय." तिचा आवाज घोगरा होता. गेल्या वर्षी थायरॉइडचं ऑपरेशन झालं, त्यात स्वरयंत्राच्या नसेला धक्का बसला, आणि तेव्हापासून ती बंद दारामागून बोलल्यासारखी बोलायची. कोणाला सवय नसेल तर तिला दोनदा विचारावं लागे.

मुकुंदरावांना यावर खणखणीत उत्तर सुचलं होतं, पण ठोकळा होता. सानियाने दोरा बांधलेला स्पंजचा बोळा त्यांच्या कानात खोलवर सरकवला आणि पिचकारीने सिलिकोनचा गार लगदा भरला. तो घट्ट होईपर्यंत जबडा उघडा ठेवायचा. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो. तोंड मिटून साचा घेतला, तर माणूस नुसतं गुणगुणला तरी कानात बसवायच्या यंत्राच्या कवचाशेजारी फट पडते आणि खर्जाचे सगळे स्वर तिथून निसटतात. दोन माणसांचे कान सारखे नसतात, एका माणसाचे दोन कानही सारखे नसतात. त्यामुळे हा दागिना ज्याचा त्यालाच घडवून घ्यावा लागतो.

"कवच कडक की मऊ?" सानियाने दोन नमुने समोर धरले. मुकुंदरावांनी मऊवर बोट ठेवलं. "आणि खोल की उथळ? खोल घेतलंत तर बाहेरचं जवळजवळ काही ऐकू येणार नाही. घरात दुसरं कोणी असेल तर मी उथळच सुचवते."

"मी असते की," वृषाली म्हणाली.

"मग उथळ करूया ना, काका?"

मुकुंदरावांनी ठोकळा दातांत धरलेला असतानाच तर्जनी जमिनीकडे रोखली आणि दोनदा हलवली. खोल.

वृषाली हसली, पण तिने पर्स उघडून त्यात काहीतरी शोधायला सुरुवात केली.

यंत्राचं नाव होतं स्वकर्ण. कान नुसता ऐकत नाही, तो स्वतःही आवाज करतो, हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीच कळलं होतं. कानाच्या आत शंखासारखी वळलेली एक नळी असते, तिच्यात अतिसूक्ष्म केसांच्या पेशी असतात. बाहेरून स्वर आला की त्या आखडतात, सैलावतात, आणि त्या हालचालीचा अगदी क्षीण ध्वनी उलट बाहेर येतो. तान्ह्या बाळांचं ऐकणं याच ध्वनीवरून तपासतात. बाळ काही सांगू शकत नाही, पण त्याचा कान सांगतो. स्वकर्णातला मायक्रोफोन हा ध्वनी सतत टिपत असे. वय झालेल्या कानाला कोणते स्वर पोचत नाहीत हे त्यावरून कळे आणि नेमके तेवढे उचलून दिले जात. इथपर्यंत हे एक उत्तम श्रवणयंत्र झालं, त्यात नवल नाही.

नवल पुढेच होतं. मेंदूकडून कानाकडे उलट येणाऱ्याही नसा असतात. ज्या आवाजात मेंदूला रस नाही त्याच्यापुरतं या पेशींना तो ढिलं पडायला सांगतो. माणूस मान डोलावो, डोळे मिटो, तोंडाने काय वाटेल ते म्हणो, पेशींना दिलेला हा निरोप खरा असतो, आणि स्वकर्णाला तो वाचता येत होता. कान कशाकडे झुकतो, कशापासून मागे सरतो याचा नकाशा ते हळूहळू तयार करी. मग हवं ते उजळ, नको ते मंद, आणि कायमच नको असलेलं गायब. 'तुमच्या कानाबरहुकूम' अशी कंपनीची जाहिरात होती. सगळं शहर एव्हाना कानांत काही ना काही घालून हिंडत होतंच, मुकुंदराव उलट उशिराच निघाले होते.

पहिले दिवस वैतागाचे गेले. कानाला खाज सुटे. स्वतःची पावलं डोक्यात वाजत. भाकरी चावायला लागलं की कवटीत कोणी खडी फोडतंय असं वाटे. वृषाली रोज मऊ फडक्याने ती कवचं पुसून डबीत ठेवून देई, कारण मुकुंदराव ती चष्म्यासारखी कुठेही टाकत. मग एका सकाळी त्यांनी तारळेकरबुवांची तोडी लावली आणि खुर्चीतच ताठ झाले.

"वृषाली! अगं, जवारी! तानपुऱ्याची जवारी ऐकू येतेय मला!"

कित्येक वर्षांत त्यांना तानपुरा म्हणजे नुसती खालची घूं ऐकू येत होती. तारेतून वर उठणारं ते बारीक, सोनेरी वलय त्यांच्या कानांनी कधीच गमावलं होतं आणि त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. आता ते परत आलं होतं. मुकुंदराव रडले, अगदी नाक पुसत रडले. यात खोटं काही नव्हतं.

पिठाने भरलेले हात तसेच घेऊन वृषाली धावत आली. "मलाही ऐकवा ना."

त्यांनी एक कवच काढून तिच्या कानात बसवलं. ते तिरकं राहिलं, मग पडलं. पुन्हा दाबलं तर तिला दुखलं.

"तुझ्यासाठीही एक जोडी करून घेऊ," ते म्हणाले.

"नको हो. स्पीकर आहे की. रविवारी आपण दोघं ऐकतो तसं ऐकू."

"स्पीकरवर आता काय ऐकायचं?" मुकुंदराव म्हणाले, आणि कवच पुन्हा आपल्या कानात घातलं. त्यांना तिला दुखवायचं नव्हतं. त्यांना फक्त तोडीकडे परत जायचं होतं.

रविवारची बैठक त्यानंतर झाली नाही. कोणी ती बंद केली असं नाही. पहिल्या रविवारी मुकुंदराव कानात घालून आधीच बसलेले होते, दुसऱ्या रविवारी वृषालीने स्पीकरवर भरतकामाचा रुमाल टाकला.

यंत्र शिकत गेलं. आधी ध्वनिमुद्रणांतला पंखा गेला, मग खोकले, मग सतरंजीवर कोणी मांडी बदलल्याची सळसळ. पेटी मुकुंदरावांना कधीच आवडली नव्हती, तीही एक दिवस विरून गेली. मग 'वाहवा', 'क्या बात है' गेलं, त्यात त्यांचं स्वतःचंही होतं. उरला नुसता स्वर, धुतल्या तांदळासारखा. मुकुंदराव तासन्तास ऐकत आणि म्हणत, इतकी वर्षं आपण मळीसकट रस पीत होतो.

समोर कोणी बोलू लागलं की तो आवाज आत घ्यायची सोय यंत्रात होती. दूधवाल्याचं त्यांना ऐकू येई, बँकेतल्या मुलीचं येई. वृषालीचा घोगरा आवाज मात्र दिवसेंदिवस मागे पडत चालला. तिला वाटे, आपलाच घसा आणखी बिघडला. ती जेवायला बोलावताना दिवा चालू-बंद करी. चहा त्यांच्या हाताला लागेल असा ठेवी. पुढेपुढे तिने बोलणंच कमी केलं. संध्याकाळी ती गच्चीत जाऊन उभी राहायची, आणि तिथे शेजारणी भेटल्या तरी त्यांच्याही कानांत काहीतरी असायचं. घरात दोन माणसं होती आणि दोघंही दिवसदिवस एकेकटी होती. फरक इतकाच की मुकुंदरावांना ते कळत नव्हतं.

आता त्यांच्या संग्रहाविषयी सांगायला हवं. जुन्या खासगी मैफलींचा संग्रह करणाऱ्यांची एक जमात असते. या मैफली कोणाच्या तरी दिवाणखान्यात झालेल्या, कोणीतरी टेपवर घेतलेल्या, बाजारात कधीच न आलेल्या. या जमातीत पैसे चालत नाहीत. मैफलीला मैफल द्यायची, असा तिथला रिवाज. मुकुंदरावांकडे कपाटभर कॅसेट होत्या. त्यांतली एक तर त्यांच्याच जुन्या घरी झालेल्या तारळेकरबुवांच्या बैठकीची. तेव्हा नवं लग्न, नवं घर, आणि बुवा पहिल्यांदा आलेले. तानपुऱ्यावर वृषाली बसली होती, कारण ठरलेला मुलगा ऐनवेळी आला नव्हता.

उन्हाळ्यात मुकुंदरावांनी हा सारा संग्रह स्वकर्णावर चढवला. प्रत्येक कॅसेट एकदा कानांतून ऐकायची, आणि यंत्र त्यांच्या कानाबरहुकूम स्वच्छ प्रत तयार करणार. शेवटी पडद्यावर विचारणा झाली, मूळ प्रत ठेवायची का? मुकुंदरावांनी 'नको' दाबलं. साखर हाती आल्यावर मळी सांभाळून ठेवणाऱ्यांतले ते नव्हते. कॅसेट आणि जुना टेप त्यांनी भंगारच्या गाडीत चढवले आणि रिकाम्या कपाटात वृषालीला सांडगे-पापड ठेवायला जागा करून दिली. तिला न विचारता केलेलं हे काम तिला फार आवडेल अशी त्यांची समजूत होती.

एका दुपारी तिने त्यांच्या गुडघ्याला हात लावला. त्यांनी कवचं काढली.

"बुवांची ती मैफल आहे ना, आपल्या घरची," ती म्हणाली, "ती मला एकदा स्पीकरवर लावून द्या. बुवांचं नको, मधलंच."

"मधलं कुठलं?"

"चहाचं मध्यंतर झालं तेव्हा मी भीमपलास म्हटला होता. बुवा आत हातपाय धुवायला गेले होते, मी तानपुरा लावत होते, तशीच गायले. टेप चालूच होता." ती थांबली. श्वास घेऊन बोलावं लागायचं. "डॉक्टर म्हणाले, आवाज आता इतकाच. परत नाही यायचा. मला माझा एकदा ऐकायचाय. गातानाचा तो एवढाच आहे."

"तू गायली होतीस?" मुकुंदराव म्हणाले.

ते उत्साहाने उठले, कारण मागितलेली मैफल काढून देणं हे त्यांचं आवडतं काम होतं. स्वच्छ केलेली प्रत लावली. बुवांचा पहिला राग संपला आणि लगेच, एका श्वासाचंही अंतर न ठेवता, दुसरा सुरू झाला. त्यांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. मध्यंतर नव्हतंच.

वृषाली म्हणाली, "कॅसेट काढा ना मग."

मुकुंदरावांनी कपाटाकडे बघितलं. तिनेही बघितलं. तिथे पापडांचे डबे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सानियाचा दवाखाना उघडायच्या आधी ते दारात उभे होते. तिने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि नकाशा पडद्यावर उघडला.

"काढून टाकलेला आवाज कुठे साठवलेला नसतो, काका. काय काढलं आणि का काढलं, एवढंच असतं."

"मी त्याला सांगितलं नव्हतं माझ्या बायकोचा आवाज काढ म्हणून!"

"तोंडाने नाही सांगितलं." सानिया चाचरली. मग तिने खरं तेच सांगायचं ठरवलं. "कॅसेट चढवताना तुम्ही ती पूर्ण ऐकलीत ना? हे बघा. इथे बुवा गातायत, कान अगदी पुढे. इथे ते उठले. इथून तुमच्या कानाने सोडून दिलंय. काकूंचं गाणं असेल ते सगळं या पट्ट्यात. कान एकदाही परत आलेला नाही."

मुकुंदराव पडद्यावरच्या त्या सपाट पट्ट्याकडे बघत राहिले. ती कॅसेट चढवली त्या दुपारचं त्यांना आठवत होतं. ते डोळे मिटून बसले होते, आणि बुवा परत कधी सुरू करतात याची वाट बघत होते. काही महिन्यांपूर्वीच ती त्यांच्या कानात गायली होती आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

"हे शिकणं बंद करता येतं का?"

"येतं. पण तुमचे गेलेले स्वर उचलून देणारी आणि लक्ष ओळखणारी मोजणी एकच आहे. ती बंद केली की तुमचे कान जसे आहेत तसे. मग कवच घाला नाहीतर कापसाचा बोळा." तिला त्यांचा चेहरा बघवेना. "दुसरी प्रत कुठे मिळाली, तर एक करता येईल. मी तुमचा नकाशा पुसून यंत्र कोरं करून देते. पण कोरं असताना ते फार भराभर शिकतं हं. पहिल्या इशाऱ्यालाच. जपून ऐका."

"पुसून टाका," मुकुंदराव म्हणाले.

दुसरी प्रत असलीच तर ती जयसिंगपूरच्या सुरगोंडा पाटलांकडे असणार होती. उसाचा मोठा बागायतदार, आणि संग्राहक म्हणून मुकुंदरावांचा जुना प्रतिस्पर्धी. त्या मैफलीला तो हजर होता, आणि नंतर एका दुर्मिळ मल्हाराच्या बदल्यात तिची प्रत घेऊन गेला होता. तेव्हा मुकुंदरावांनी आपण त्याला कसं गुंडाळलं हे वृषालीला रंगवून सांगितलं होतं.

"या, या, तेरदाळकर! रस्ता चुकला काय ओ?" सुरगोंडाने त्यांना बैठकीत बसवलं. चारी भिंतींना कॅसेट होत्या, एकीवरही नाव नाही. कोणी ढापू नये म्हणून तो नावंच घालत नसे, कुठली कुठे आहे ते त्याला पाठ होतं. "मैफलीला मैफल. काय आणलाय?"

मुकुंदरावांनी आपल्या संग्रहातली उत्तमातली उत्तम चीज आणली होती. सुरगोंडाने ती स्पीकरवर लावली, थोडा वेळ ऐकली, आणि भुवया आक्रसल्या.

"ह्यात मैफल कुठाय ओ? ह्यात नुसता बुवा हाय. पेटी कुठं गेली? ती माणसं कुठं गेली? आन् सुरात बी कायतरी वंगाळ केलंय, वर निस्ती किरकिर वाजालीय."

"माझ्या कानाप्रमाणे आहे ते."

"मग मला काय उपेग त्याचा?"

खरंच होतं. आयुष्यभर जमवलेला संग्रह आता जगात दुसऱ्या कोणाच्याही कामाचा राहिला नव्हता. मुकुंदरावांनी मान खाली घातली आणि का आलो ते सांगितलं. सुरगोंडाचा चेहरा एकदम बदलला.

"वहिनींचा भीमपलास व्हय? आवो, मग आदी सांगायचं की." तो उठला आणि पहिल्याच फळीवरची कॅसेट काढली. "लई येळा ऐकलोय मी ते. खरं सांगू काय? ती मैफल लावली की मी बुवाच्या आदी त्येच लावतोय. आमची बायको बी म्हणत्या, त्या बाईचं लावा म्हणून." त्याने कॅसेट आणि आपला जुना टेप दोन्ही पिशवीत घालून दिले. "बदल्यात कायबी नको. वहिनींस्नी सांगा, जयसिंगपुरात दोन माणसं हायत त्यांची."

मुकुंदराव एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसले. आनंद व्हायला हवा होता, तो झालाही, पण त्याच्या आत काहीतरी टोचत होतं. परक्या माणसाच्या घरात ती इतकी वर्षं गात होती.

घरी आल्यावर त्यांनी निरोप सांगितला. वृषाली लाजली. कित्येक महिन्यांत त्यांनी तिला असं बघितलं नव्हतं. तिने स्पीकरवरचा रुमाल काढला, धूळ पुसली, आणि लहान मुलीसारखी सतरंजीवर मांडी घालून बसली. मुकुंदरावांनी टेपला दोन वायरी जोडल्या. एक स्पीकरला, एक स्वकर्णाच्या डबीला. स्पीकरवर आपल्याला धड ऐकू येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि आज त्यांना नीट ऐकायचं होतं. आज त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की कान जरासुद्धा हलू द्यायचा नाही.

टेप सुरू झाला. कोऱ्या यंत्रातून सगळंच्या सगळं कानात शिरलं. पंखा, खोकले, कपबश्या, सुरगोंडाचं गडगडाटी हसणं. "अहो, बुवांचा बिनसाखरेचा!" असं ओरडणारा एक आढ्यतेखोर तरुण आवाज आला, तो त्यांचा स्वतःचा होता हे कळायला त्यांना एक क्षण लागला. मग तानपुऱ्याची तार छेडली गेली. खुंटी पिळल्याचा बारीक चरचराट. जवारी उमलली. आणि कोणी आपल्याकडे बघत नाहीये अशा खात्रीने एक मुलगी गायला लागली.

मुकुंदरावांच्या अंगावर काटा आला. हा आवाज त्यांना ओळखीचा होता. याच आवाजात त्यांना 'अहो, छत्री घ्या' म्हटलं गेलं होतं, 'ताप उतरलाय का बघू' म्हटलं गेलं होतं. पण तो असा गातो हे त्यांना माहीत नव्हतं. हलका, सरळ, थोडासा भित्रा. निषादावरून षड्जावर आला, तिथे विसावला, आणि मग मध्यमाला जवळ घेत गंधाराकडे उतरला.

गंधार किंचित चढा लागला.

त्यांनी काही केलं नाही. कपाळाला आठी घातली नाही, मनातल्या मनात शब्दही उच्चारला नाही. आयुष्यभराच्या सवयीने त्यांच्या आत फक्त कुठेतरी टिपलं गेलं, की हा चढा आहे. तेवढं यंत्राला पुरलं. आवाज दोन पावलं मागे गेला. मुकुंदरावांनी घाबरून सगळं लक्ष त्याच्यावर एकवटलं, मुठी आवळल्या, अगं थांब, थांब, असं ते आत ओरडले. पण घाबरणं म्हणजे ऐकणं नव्हे, आणि पेशींना जबरदस्ती कळत नाही. पुढची ओळ अर्धी आली. त्याच्या पुढची आलीच नाही. तानपुरा लखलखीत वाजत राहिला, कपबश्या वाजत राहिल्या, आणि मधोमध ती नव्हती.

त्यांनी दोन्ही कवचं उपसून काढली. उघड्या कानांना स्पीकरमधून नुसती घूं आली आणि तिच्या मागे, फार लांब, भिंतीपलीकडे कोणीतरी असल्यासारखं काहीतरी. स्वर कळेना, शब्द कळेनात. समोर वृषाली डोळे मिटून बसली होती. तिचे ओठ हलत होते आणि त्यांतून आवाज येत नव्हता.

गाणं संपलं असावं. तिने टेप थांबवला.

"ऐकलंत?"

'वाहवा' त्यांच्या जिभेवर तयार होतं. आयुष्यभर ते कोणाकोणाला वाटलं होतं. ती अगदी उत्सुक तोंडाने बघत होती, आणि म्हणूनच त्यांना ते म्हणता आलं नाही.

"गंधारापर्यंत," ते म्हणाले.

तिने त्यांच्या हातातल्या कवचांकडे पाहिलं. यंत्र कसं चालतं हे साचा घेताना सानियाने समजावलं तेव्हा ती तिथेच होती. तिला सगळं कळलं.

"चढा लागलाय ना तो?" तिने विचारलं.

"थोडासा."

"थोडासा कुठला, चांगलाच लागलाय. आमच्या गाण्याच्या बाई त्याच गंधारावर मला किती रागवायच्या." ती हसली. "पण पुढे सावरलाय हो मी. दुसऱ्यांदा घेतलाय तेव्हा. इतका छान मला नंतर कधी लागला नाही."

"कसा लागलाय?"

तिने दाखवायला तोंड उघडलं. मान किंचित वळवली, हाताने हवेत स्वराची जागा धरली. घशातून नुसती हवा आली. तिने पुन्हा एकदा करून बघितलं, मग हात मांडीवर ठेवला.

"ते सांगून नाही कळायचं," ती म्हणाली.

सानियाकडे पुन्हा जाता आलं असतं, यंत्र पुन्हा कोरं करता आलं असतं. पण तो गंधार येणार हे आता कानाला आधीच ठाऊक झालं होतं, आणि तिथे आपण दर वेळी असेच मागे सरणार हे मुकुंदरावांना ठाऊक झालं होतं. त्याच्या पुढे काय आहे ते जयसिंगपुरातल्या दोन माणसांना माहीत होतं, आणि हिला.

वृषालीने टेप मागे नेला. या वेळी तिने त्यांना विचारलं नाही. बटण दाबलं, डोळे मिटले, आणि ती त्या गाण्यात निघून गेली. मुकुंदराव तिच्या शेजारी सतरंजीवर बसले आणि ती जागा कधी येते ते कळावं म्हणून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. खोलीत घूं भरून राहिली होती. ती जागा येऊन गेली असावी, कारण तिचा चेहरा उजळला आणि ती हसली. त्यांच्याकडे बघून नव्हे.